ब्रेकमध्ये शिरलेली हवा

वऱ्हाडातील शेतकऱ्यास 'हवा धरली' हे शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. विहिरीत सोडलेल्या नळाच्या टोकाशी, खेडोपाडी 'फुटबॉल' या नावाने ओळखली जाणारी जी झडप असते, तिच्यात काडीकचरा अडकून ती नीट मिटेनाशी झाली, की नळातील पाणी हळूहळू विहिरीत उतरते, त्याची जागा हवा घेते, आणि मग मोटर कितीही वेगाने फिरली तरी पाण्याचा थेंब वर चढत नाही. अशा वेळी शेतकरी मोटर बंद करतो, पंपाचे तोंड उघडून बादलीने पाणी भरतो, आणि हवेचा शेवटचा बुडबुडा तोंडाशी येऊन फुटल्यावरच पुन्हा बटण दाबतो. ट्रॅक्टर टाकी कोरडी होईपर्यंत चालविण्याची चूक ज्याने एकदा केली आहे, त्यालाही ठाऊक असते, की नुसते डिझेल भरून इंजिन सुरू होत नाही. फिल्टरवरील स्क्रू ढिला करून, हातपंप मारून, फेस थांबेपर्यंत धीर धरावा लागतो. रुग्णालयातील परिचारिका सलाईनच्या नळीवर टिचकी मारते ती याच हवेसाठी. बंद नळीतील द्रव आणि त्यात शिरलेली हवा यांचे वैर, तात्पर्य, आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. असे असूनही आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये हेच वैर गुपचूप चालू असते आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही, ही गोष्ट मला गंभीर वाटते. कारण पंपाने हवा धरली तर ओलिताची एक पाळी चुकते, ब्रेकने हवा धरली तर घरचा कर्ता माणूस जायबंदी होतो.

काही वर्षांपूर्वी, श्रावणातील एका शनिवारी, धाकट्या भावास मागे बसवून मी चिखलदऱ्याच्या पठारावरून परतवाड्याकडे उतरत होतो. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती, दरीतून धुके वर येत होते, आणि एमएच-२७ व एमएच-३० या क्रमांकांच्या, म्हणजे अमरावतीच्या व अकोल्याच्या, मोटरसायकलींची रांगच त्या वळणांना लागली होती. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये घालून पेट्रोल वाचविण्याची जी सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे, ती त्या काळी मलाही होती. त्यामुळे गाडीला आवरण्याचा जवळजवळ सगळा भार पुढील चाकाच्या डिस्कवर पडत होता. अर्ध्याहून अधिक घाट उतरल्यावर एका वळणाशी मी ब्रेकचा लिव्हर दाबला, तेव्हा एरवी मुठीपासून दोन बोटांवर घट्ट थांबणारा तो लिव्हर, भिजल्या स्पंजात बोट रुतावे तसा रुतत रुतत थेट मुठीला येऊन टेकला. घाईने गिअर टाकला, मागील ड्रम ब्रेकवर पाय दिला, आणि उरलेली वळणे जीव मुठीत धरून उतरून परतवाडा गाठले. तेथे चहासाठी अर्धा तास थांबलो, आणि निघताना लिव्हर दाबून पाहतो तो पूर्ववत कठीण. मनाचा भास असावा अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत किती चुकीची होती हे पुढे आठवड्याने अकोल्यातील एका मिस्त्रीने दाखवून दिले. त्याने मुठीजवळच्या ऑइलच्या डबीचे झाकण उघडले, आतला चहाच्या रंगाचा द्रव काडीने ढवळून पाहिला, आणि म्हणाला, "काकाजी, याले ऑइल म्हन्तेत, पन याच्यात आता पानी हाये."

त्या एका वाक्यात किती पदार्थविज्ञान भरलेले आहे हे समजण्यासाठी ब्रेकच्या रचनेकडे वळले पाहिजे.

बंदिस्त द्रवाच्या एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोचतो, हा सिद्धान्त फ्रेंच विद्वान ब्लेझ पास्कल याने मांडला. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. या सिद्धान्ताचा व्यवहारातील पराक्रम मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वाट पाहत राहिला, आणि १७९५ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने जलदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले तेव्हा लहान दट्ट्यावर दिलेला थोडा जोर मोठ्या दट्ट्यावर अनेक पटींनी उमटविता येतो, हे कारखानदारांच्या ध्यानी आले. वऱ्हाडाने हा पराक्रम फार जवळून पाहिला आहे. खामगाव, अकोला, अमरावती, मूर्तिजापूर या गावांच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकी काढलेला फुगीर कापूस दाबून त्याच्या लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या कठीण गाठी होतात, त्या याच द्रवदाबाच्या जोरावर. मोटरसायकलचा डिस्क ब्रेक म्हणजे त्या प्रेसचेच, हाताच्या पंजात मावेल असे, धाकटे भावंड होय. मोटारगाडीसाठी द्रवाचा ब्रेक अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने १९१७ च्या सुमारास सिद्ध केला. मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेल्या मोटरसायकलींत पुढील चाकास द्रवाची डिस्क देण्याचा मान १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीकडे जातो. आणि आपल्याकडे १९९९ ची सीबीझेड व २००१ ची पल्सर यांसारख्या गाड्यांनी तारेचा व सळईचा ब्रेक वापरणाऱ्या सर्वसामान्य माणसास डिस्कची ओळख करून दिली.

आकडे घेतले म्हणजे या लहान यंत्राची थोरवी कळते. समजा, आपण बोटांनी लिव्हरवर दहा किलोंचा भार दिला. लिव्हर ही तरफच असल्यामुळे तो भार सुमारे सहापट होऊन साठ किलोंच्या रूपाने मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर जातो. हा दट्ट्या अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाचा, धरला तर त्याचे क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरहून किंचित अधिक भरते. म्हणजे द्रवातील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४७ किलो झाला. हाच दाब नळीतून खाली चाकापाशी, डिस्कला कवेत घेणाऱ्या कॅलिपरमधील समजा २५ मिलिमीटरच्या दोन दट्ट्यांवर पोचला, की पॅड डिस्कवर आवळणारा जोर साडेचारशे किलोंच्या पुढे जातो. कापसाची एक गाठ १७० किलोंची असते. म्हणजे दोन बोटांच्या इशाऱ्याने आपण जवळपास पावणेतीन गाठींचे वजन त्या चिमुकल्या पॅडवर ठेवीत असतो. मात्र निसर्ग काही फुकट देत नाही. जोर जितक्या पटीने वाढला तितक्याच पटीने हालचाल घटते. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या आठ मिलिमीटर सरकावा तेव्हा पॅड अवघा एक मिलिमीटर पुढे येतो. ही सगळी व्यवस्था, म्हणून, एका गृहीतावर उभी आहे: मधला द्रव जागचा दबू नये. आणि द्रव हे गृहीत इमानाने पाळतो. ४७ किलोंच्या त्या दाबाखालीही त्याचे आकारमान हजारात दोन-तीन भागांपलीकडे कमी होत नाही.

हवेचे तसे नाही. १६६२ साली रॉबर्ट बॉइलने दाखवून दिल्याप्रमाणे, उष्णतामान कायम असता वायूवर जितका दाब वाढवावा तितके त्याचे आकारमान आक्रसते. आपल्या ब्रेकमधील दाबाखाली ते जवळजवळ अठ्ठेचाळीसाव्या हिश्श्यावर येते. आता, तीन हरभऱ्याच्या दाण्यांएवढी, म्हणजे सुमारे अर्धा घन सेंटिमीटर, हवा त्या नळीत अडकली आहे असे समजा. ती आवळून नाहीशी झाल्यासारखी होईपर्यंत मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याची चार मिलिमीटर धाव तिच्यावरच खर्ची पडते. त्या दट्ट्याची एकूण धाव मुळात दहा-बारा मिलिमीटरांची. लिव्हरच्या टोकाशी मोजले तर हा अपव्यय जवळजवळ इंचभर होतो. बोटांना जाणवणारा तो स्पंजासारखा रुतवा म्हणजे हवेचे आक्रसणे होय. हवा याच्या तिप्पट असली तर लिव्हर मुठीस टेकला तरी पॅडवर पुरेसा दाब चढत नाही, आणि मग हातात कितीही बळ असून उपयोग नसतो. दाबण्यास जागाच उरलेली नसते.

येथे वाचकांच्या मनात रास्त शंका येईल, की एस.टी.ची गाडी थांबताना जो फुसकारा ऐकू येतो तो हवेचाच ना, आणि आगगाडीचा ब्रेकही हवेवरच चालतो ना? खरे आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ मध्ये आगगाडीसाठी हवेचा ब्रेक तयार केला, आणि आज अवजड वाहने त्याच तत्त्वावर थांबतात. परंतु तेथे हवा आवळण्याचे काम कॉम्प्रेसरने आधीच करून टाकीत साठवून ठेवलेले असते. चालकाचा पाय केवळ झडप उघडण्याचा हुकूम देतो. मोटरसायकलवर हवा आवळण्याची पाळी येते ती आपल्या दोन बोटांवर, तीही ऐन प्रसंगी, आणि इंच-दोन इंचांच्या मर्यादेत. जी हवा तेथे चाकर आहे ती येथे घुसखोर ठरते, याचे कारण एवढेच.

आता मिस्त्रीच्या वाक्याकडे. ब्रेकमधील द्रवास आपण 'ऑइल' म्हणतो, पण तो तेल नव्हे. ग्लायकॉल ईथर वर्गातील तो एक रासायनिक द्रव आहे, आणि या नावाने घात केल्याची उदाहरणे आहेत, कारण नाव ऐकून कोणी डबीत इंजिन ऑइल ओतले तर आतील रबरी वायसर फुगून सगळे सिलिंडर निकामी होते. या द्रवाचा स्वभावधर्म असा, की तो हवेतील ओलावा शोषून घेतो. झाकणातून, रबरी नळीच्या भिंतींतून, महिनोन्महिने, नकळत. यात एक सोयही आहे: पाणी थेंबाथेंबाने वेगळे साचून लोखंड गंजविण्याऐवजी द्रवात मिसळून जाते. पण त्याची किंमत मोठी आहे. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा असा दंडक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो किमान १४० अंशांवर येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. एखाद्या अंशाची नव्हे, साठ-सत्तर-ऐंशी अंशांची ही घसरण आहे, आणि ती होत असताना बाहेरून काहीही दिसत नाही. फक्त फिकट पिवळा रंग हळूहळू तपकिरी होतो.

चिखलदऱ्याचा उतार या आकड्यांना जिवंत करतो. पठारापासून परतवाड्यापर्यंत सुमारे ७०० मीटरची उतरण आहे. गाडी, दोन माणसे आणि सामान मिळून ३०० किलो वजन धरले, तर एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते, ती ३० अंशांचे सात लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी भरते. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन त्यातील मोठा वाटा आपल्या अंगावर घेते, समोरून येणारा वारा थोडा घेतो. न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीत मात्र तो बोजा पॅड आणि डिस्क यांच्यावर येतो, पॅडमागील दट्ट्या तापतो, आणि त्याला टेकलेला जुना, ओलावलेला द्रव उकळू लागतो. उकळला की वाफ झाली, आणि वाफ ही हवेसारखीच आक्रसणारी. माझा लिव्हर मुठीला टेकला तो याच क्षणी. चहाच्या अर्ध्या तासात कॅलिपर निवाला, वाफेचे पुन्हा पाणी झाले, लिव्हर कठीण झाला, आणि पुरावा नाहीसा झाला. हवा आणि वाफ यांतील हा भेद प्रत्येक मोटरसायकलस्वाराने मनावर कोरून ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हवा शिरली असेल तर लिव्हर सकाळी थंड गाडीवरही मऊ लागतो, दोन-तीनदा भराभर दाबला की तात्पुरता वर येतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा रुततो. वाफ मात्र फक्त तापल्यावर येते व निवताच निघून जाते. पहिला दोष रोज डोळ्यांसमोर असतो म्हणून त्यावर इलाज होतो. दुसरा दोष घाटातच दर्शन देतो, आणि घाट उतरून आलेला माणूस तो विसरतो. दोहोंचा इलाज एकच: जुना द्रव हवेसकट बाहेर काढून नवा भरणे.

हवा मुळात आत शिरते कशी, हे थोडक्यात सांगतो. नळी किंवा वायसर बदलताना जोड उघडला की ती शिरणारच. पॅड झिजत गेले की कॅलिपरचे दट्टे बाहेर येतात, त्यांच्यामागे अधिक द्रव साठतो, डबीतील पातळी उतरते. अशा स्थितीत गाडी आडवी पडली किंवा डबी रिकामी झाली तर दट्ट्यासमोरच्या बारीक छिद्रातून हवा ओढली जाते. कोठे पाझर असेल तर तेथूनही ती येते, आणि तसे असल्यास हवा काढणे हा उपाय नव्हे, पाझर बंद करणे हा उपाय.

त्या दिवशी मिस्त्रीने मला शेजारी स्टुलावर बसवून, माझ्याच हातून लिव्हर दाबून घेत, हे काम केले. म्हणून त्याचा तपशील मी पाहिल्याप्रमाणे देतो. त्याने गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी केली आणि हँडल असे वळविले की डबी समपातळीत आली. पेट्रोलच्या टाकीवर ओले फडके पसरले, कारण हा द्रव रंग खातो; थेंब सांडलाच तर पुसण्यापेक्षा पाण्याने धुणे बरे, असे तो म्हणाला, आणि ते शास्त्रास धरून आहे, कारण हा द्रव पाण्यात सहज विरघळतो. झाकणाभोवतीची धूळ त्याने आधी पुसली, मगच स्क्रू काढले. झाकणावर कोणत्या प्रतीचा द्रव घालावा हे ठशात लिहिलेले असते. ते वाचून त्याने सीलबंद लहान बाटली फोडली. महिनाभर उघडी राहिलेली मोठी बाटली तो वापरीत नसे. पावसाळ्यातील दमट हवेत उघड्या बाटलीने किती ओल धरली असेल याची खातरजमा कोण करणार? जुना द्रव डबीतून सिरिंजने ओढून काढून त्याने नवा भरला, म्हणजे मळका द्रव उगाच सगळ्या नळीतून फिरावयास नको.

मग तो कॅलिपरपाशी बसला. कॅलिपरच्या वरच्या अंगास एक लहानसा पोकळ स्क्रू असतो, त्यास निप्पल म्हणतात. तो वरच्या अंगास असण्याचे कारण हेच, की हवा नेहमी उंचवट्याकडे जमते. त्यावरील रबरी टोपी काढून त्याने आधी आठ नंबरचा रिंग पाना चढविला, नंतर पारदर्शक नळी बसविली, आणि तिचे दुसरे टोक थोडा नवा द्रव घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवले. पाना आधी आणि नळी नंतर. हा क्रम चुकला तर नळी पुन्हा काढावी लागते. टोक बुडालेले असावे यातही हेतू आहे: चुकून उलटी ओढ लागलीच तर नळीत हवा न जाता द्रवच जावा.

"आता तीनदा हळू दाबा, आन् चौथ्यांदा दाबून धरजा. मी म्हनीन तवाच सोडजा." मी दाबून धरले. त्याने निप्पल पाव फेरा उघडले, लिव्हर माझ्या बोटांखाली एकदम ढासळून मुठीस टेकला, आणि नळीतून तपकिरी द्रवाबरोबर बुडबुड्यांची एक माळ सरकत गेली. निप्पल पुन्हा घट्ट झाल्यावरच त्याने मान हलविली, आणि तेव्हा मी हळूहळू लिव्हर सोडला. या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम येथे आहे. निप्पल उघडे असताना लिव्हर सुटला तर परतणारा दट्ट्या ज्या वाटेने द्रव गेला त्याच वाटेने, नळीतून किंवा निप्पलच्या आट्यांतून, हवा आत ओढून घेतो, आणि तासाभराचे काम एका क्षणात पाण्यात जाते. दाबणे, उघडणे, मिटणे, सोडणे: हा क्रम मंत्रासारखा पाळावा लागतो. आणि दर चार-पाच खेपांनंतर डबीत डोकावून पातळी पाहावी लागते, कारण हवा काढण्याच्या भरात डबी रिकामी करून वरून नवी हवा घेणे हीच नवशिक्याची नेहमीची चूक आहे.

दहाबारा खेपांनंतर द्रव फिकट आला, बुडबुडे विरळ झाले, तरी लिव्हर पुरता कठीण होईना. मी उतावीळ झालो होतो. मिस्त्री मात्र उठला, पान्याच्या दांड्याने नळीवर आणि कॅलिपरवर हलकेच ठोकीत गेला, वर मास्टर सिलिंडरपाशी नळीचा जोड जेथे कमानीसारखा वळतो तेथे थांबला, आणि मला लिव्हर अगदी थोडा, काडीभर, पुनःपुन्हा दाबावयास सांगितले. डबीच्या तळाशी दोन बारीक छिद्रे असतात. त्यांतील एकातून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. येथे एक मौज लक्षात घेण्यासारखी आहे. हवा स्वभावतः वर जाते, आणि आपण तिला खाली, चाकाकडे, ढकलीत असतो. तेव्हा वरच्या कमानीत अडकलेली हवा खालच्या निप्पलने सहजी येत नाही, तिला वरच्या दारानेच वाट द्यावी लागते. सलाईनच्या नळीवरील परिचारिकेची टिचकी आणि मिस्त्रीची ती हलकी ठोक यांत काडीचा फरक नाही: भिंतीस चिकटलेला बुडबुडा सुटावा, एवढाच उभयतांचा हेतू. काही मिस्त्री शेवटी लिव्हर मुठीस दोरीने आवळून रात्रभर तसाच ठेवतात. दाबाखाली बारीक झालेले बुडबुडे भिंती सोडून वर सरकतात आणि सकाळी दोरी सोडताच डबीत निघून जातात, असा त्यांचा अनुभव आहे.

हवेच्या या ऊर्ध्वगामी स्वभावाचा मान राखणारी आणखी एक रीत आहे, आणि एकट्याने काम करणाऱ्यास तीच मला अधिक सोयीची वाटते. औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी कोरी सिरिंज नव्या द्रवाने भरून, तिच्यातील हवा आधी काढून, नळीने निप्पलला जोडावी आणि द्रव खालून वर हळूहळू सारावा. हवा आपल्या वाटेनेच डबीत जाते. डबी भरून वाहणार नाही याची खबरदारी घ्यावी, म्हणजे झाले. याउलट निर्वात पंपाने खालून ओढण्याच्या रीतीत निप्पलच्या आट्यांतून बाहेरची हवा नळीत येते आणि बुडबुडे संपतच नाहीत असा आभास होतो. त्यास भुलून लिटरभर द्रव वाया घालविणारे लोक आहेत. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जखडू न देणारी व्यवस्था, असलेल्या गाडीत मात्र द्रव वाटेत आणखी एका झडपांच्या पेटीतून जातो, आणि त्या पेटीत हवा शिरली तर झडपा विजेने उघडून घेण्याचे उपकरण लागते. तेथे हौशी माणसाने हात न घालता गाडी रीतसर कार्यशाळेत न्यावी. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील सर्व गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले असल्याने ही गोष्ट आता पुष्कळांस लागू पडते.

पूर्वी आपल्या भागात गाड्या हाकण्याचा वेग रस्त्यांनीच आवरून धरला होता. अमरावतीहून अकोल्यास जाताना मूर्तिजापूर, बोरगाव मंजू ही गावे खड्ड्यांच्या आठवणींनीच लक्षात राहात. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्या कामाची गिनीज बुकात नोंद झाली. वऱ्हाडास अभिमान वाटावा असेच ते काम आहे. परंतु ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटरसायकल सेकंदाला २२ मीटर कापते. मऊ लिव्हर एकदा सोडून पुन्हा दाबण्यात अर्धा सेकंद गेला तर गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते, आणि कापसाने भरलेली ट्रॉली रस्ता ओलांडण्यास याहून अधिक जागा घेत नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत ब्रेकचा द्रव दोन वर्षांनी बदलावा असे छापलेले असते. इंजिन ऑइलच्या बाबतीत एक दिवसाची दिरंगाई न करणारे माझे परिचित या ओळीपाशी मात्र थांबत नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते. दीडदोनशे मिलिलिटरची बाटली आणि तासाभराची मेहनत, एवढाच हा खर्च.

मिस्त्रीने निप्पल हलक्या हाताने आवळले, कारण तो पोकळ स्क्रू जोराने पिळला तर कॅलिपरचे आटे जातात. रबरी टोपी बसविली, डबी वरच्या रेषेपर्यंत भरली, झाकणाखालचा रबरी पडदा पुसून मिटला, आणि कॅलिपर व नळी पाण्याने धुतली. डिस्क स्वच्छ कोरड्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली. पॅडला या द्रवाचा थेंब लागला तर पॅड बदलण्याखेरीज गत्यंतर नसते. मग त्याने मला लिव्हर दाबून अर्धा मिनिट तसाच धरावयास सांगितले, आणि बोटांखाली तो तसूभरही सरकत नाही, हे पाहूनच गाडी स्टँडवरून उतरविली. महामार्गाकडे जाऊ न देता आधी मागच्या गल्लीत, माणूस चालतो तितक्या वेगाने, त्याने ती स्वतः दोनदा नेऊन थांबविली. निघालेला मळका द्रव गटारीत न ओतता त्याने झाकणाच्या बाटलीत भरला, बाटलीवर फुली मारली, आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली. शेवटी सीट उघडून आतल्या बाजूस चिकटपट्टीचा एक तुकडा लावला, बॉलपेनाने त्यावर महिना आणि साल लिहिले, त्याखाली तोच महिना आणि दोन वर्षांनंतरचे साल लिहिले, आणि सीट बसवून किल्ली माझ्या हातात दिली.